मज्जातंतू आतून कसे बिघडतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एनसीएसचा (नसांमधून विजेचा संदेश कसा जातो, ते मोजणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट हातात पडला की त्यात ‘अ‍ॅक्सोनल’, ‘डिमायलिनेटिंग’, ‘सेन्सरीमोटर’ (संवेदना आणि हालचाल दोन्हींचं) असे शब्द दिसतात आणि मग प्रश्न सुरू होतात. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. आधी पायाभूत, मग आजारांनुसार, मग नियमात न बसणारे. हे पान वाचून कुठलंही औषध सुरू किंवा बंद करू नका. डॉक्टरांना काय विचारायचं, ते मात्र इथून नक्की घेऊन जा.

१. पेरिफेरल नर्व्ह म्हणजे नेमकी कुठली नस, आणि तिच्या आत असतं काय?

मेंदू आणि मज्जारज्जू सोडून बाहेरच्या सगळ्या नसा. स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मज्जारज्जूत असतात. स्पर्श आणि वेदना आणणाऱ्या पेशी मणक्यांच्या लगत, गँग्लियॉन नावाच्या बारक्या गाठींमध्ये असतात. पेशीचा मूळ देह जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, पण त्यातून निघणारा धागा, म्हणजे अ‍ॅक्सॉन, कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत मीटरभर जातो. या धाग्याला लागणारी बहुतेक प्रथिनं मूळ देहातच तयार होतात आणि मायक्रोट्युब्यूल नावाच्या नळ्यांवरून खाली पाठवली जातात. कायनेसिन हे प्रथिन माल खाली नेतं, डायनीन वर आणतं. घाईचा माल दिवसाला ४०० मिलिमीटरपर्यंत सरकतो. अ‍ॅक्सॉनचा सांगाडा घडवणारी प्रथिनं मात्र दिवसाला १ ते ३ मिलिमीटर जातात, म्हणजे अंगठा गाठायला त्यांना वर्ष उलटतं.

अ‍ॅक्सॉनला बिलगून श्वान पेशी असतात. जाड अ‍ॅक्सॉनभोवती त्या आपल्या पटलाचे सुरळीच्या वडीसारखे वेढे घालतात, तेच मायलिन. दोन श्वान पेशींच्या मधे साधारण एक मायक्रॉन उघडी जागा राहते, तिला रॅन्व्हिएचा नोड म्हणतात. सोडियम चॅनेल तिथेच दाटीनं बसलेले असल्यामुळे संदेश एका नोडवरून दुसऱ्यावर उडी घेत सेकंदाला ५०-६० मीटर वेगानं जातो. आग, थंडावा आणि दुखणं यांचे बरेचसे संदेश मायलिन नसलेल्या बारीक तंतूंतून जातात, तेही सेकंदाला एखाददुसरा मीटर इतक्या सावकाश. ठेच लागल्यावर आधी नुसता धक्का कळतो आणि कळ मागून येते, ती यामुळेच.

२. माझ्या रिपोर्टमध्ये ‘अ‍ॅक्सोनल’ लिहिलंय, बहिणीच्या रिपोर्टमध्ये ‘डिमायलिनेटिंग’. कुणाचं जास्त वाईट?

त्या एका शब्दावरून ते ठरत नाही. बिघाड चार ठिकाणी होऊ शकतो: मायलिन, नोड, अ‍ॅक्सॉन किंवा पेशीचा मूळ देह. मायलिन गेलं आणि अ‍ॅक्सॉन शाबूत राहिला, तर संदेशाचा वेग घटतो किंवा संदेश वाटेत अडतो. श्वान पेशी वाढून पुन्हा वेढे घालतात आणि काही आठवड्यांत ते काही महिन्यांत फरक दिसतो. नव्या वेढ्यांची जाडी पहिल्याइतकी कधीच होत नाही, पण काम भागतं. नोडवर घाव बसला, तर नस दिसायला ठीक आणि तरी स्नायू लुळा, असा प्रकार होतो. तो कधी कधी आश्चर्य वाटावं इतक्या लवकर सुधारतो (प्रश्न ११ पाहा). अ‍ॅक्सॉन तुटला तर तो नव्यानं वाढावा लागतो आणि त्याला महिने किंवा वर्षं लागतात. मूळ देहच मेला तर तो धागा कायमचा गेला, कारण या पेशी विभागून नव्या तयार होत नाहीत.

एनसीएसमध्ये वेग घटलेला दिसला तर संशय मायलिनवर जातो. वेग बरा पण लहरीची उंची कमी असेल तर अ‍ॅक्सॉन घटले, असा अंदाज बांधतात. प्रत्यक्षात बहुतेक जुनाट आजारांत दोन्ही मिसळलेलं असतं. म्हणून डॉक्टरांना ‘प्रकार कुठला’ एवढंच विचारून थांबू नका. ‘अ‍ॅक्सॉन किती शिल्लक आहेत’ हे विचारा. पुढची ताकद त्यावर ठरते.

३. नस एकदा मेली की परत येते का?

सर्वात जास्त येणारा प्रश्न हाच, त्यामुळे उत्तरही लांब आहे.

१८५० मध्ये ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेच्या नसा कापून पाहिल्या. कापलेल्या जागेच्या पलीकडचा, मूळ देहापासून तुटलेला भाग काही दिवसांत तुकडे होऊन विरघळतो, हे त्यांनी नोंदवलं. आजही त्याला वॉलेरियन डीजनरेशन म्हणतात. खालचा भाग उपासमारीनं मरतो, असंच त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षं मानलं जात होतं. मग उंदरांची एक जात सापडली, जिच्या कापलेल्या नसा आठवड्यांनंतरही टिकून राहत. म्हणजे हे मरण आपोआप येत नव्हतं; आत कुठेतरी ते घडवून आणणारी यंत्रणा होती. आता ती बरीचशी कळली आहे. अ‍ॅक्सॉनमध्ये एनएमनॅट२ नावाचं अल्पायुषी विकर सतत वरून यावं लागतं. पुरवठा तुटला की ते काही तासांत संपतं, त्यामुळे सार्म१ हे प्रथिन जागं होतं आणि अ‍ॅक्सॉनमधला एनएडी हा ऊर्जेसाठी अत्यावश्यक रेणू फोडून टाकतं. ऊर्जा संपते, कॅल्शियम आत घुसतं, कॅल्पेन नावाची विकरं सांगाडा कापून टाकतात. सार्म१चा हा सहभाग २०१२ मध्ये समोर आला आणि ते रोखणाऱ्या औषधांवर काम चालू आहे. याच मार्गाचा काही भाग केमोथेरपीच्या न्यूरोपॅथीतही (नसांच्या बिघाडातही) वापरला जातो, म्हणून त्यात एवढा रस.

तुटलेल्या भागातल्या श्वान पेशी मरत नाहीत. सी-जुन नावाचं नियंत्रक प्रथिन वाढतं आणि त्या आपलं मायलिन बनवण्याचं काम सोडून दुरुस्तीच्या कामाला लागतात. स्वतःचंच मायलिन पचवतात, उरलेलं साफ करायला मॅक्रोफेज पेशींना बोलावतात आणि जुन्या वाटेवर एकामागे एक रांगेत उभ्या राहतात. वरून फुटलेला कोंब या रांगेच्या आधारानं दिवसाला साधारण १ मिलिमीटर पुढे सरकतो.

हिशेब सोपा आहे आणि कटूही. मनगटापाशी चेंगरलेली नस बोटाच्या टोकापर्यंत सहा-सात महिन्यांत येऊ शकते. तीच दुखापत नितंबापाशी झाली तर पावलापर्यंत पोचायला दोन वर्षांहून जास्त लागतील. तोवर दुरुस्तीला उभ्या राहिलेल्या श्वान पेशी थकतात, आणि नस नसलेला स्नायू साधारण वर्ष-दीड वर्षानंतर तंतुमय होऊन कोंबाला दाद देईनासा होतो. पूर्ण तुटलेली नस वेळेत शिवण्याची घाई शल्यविशारद करतात ती यासाठी.

४. हातावर डोकं ठेवून झोपलो की मुंग्या येतात. हीसुद्धा न्यूरोपॅथीच का?

नाही. दाबामुळे नसेचा रक्तपुरवठा आणि संदेशवहन तेवढ्यापुरतं अडतं. हात हलवला की मिनिटा-दोन मिनिटांत पूर्ववत होतं आणि आत काहीही तुटलेलं नसतं. दाब कित्येक तास राहिला, उदाहरणार्थ दारूच्या नशेत खुर्चीच्या पाठीवर हात टाकून झोप लागली, तर त्या जागेपुरतं मायलिन खराब होतं आणि मनगट उचलत नाही. हे बहुधा काही आठवड्यांत सुधारतं. लहानसहान दाबानंही वारंवार असं होत असेल, तर प्रश्न १४ वाचा.

५. सगळं पायाच्या बोटांपासूनच का सुरू होतं?

सर्वात लांब अ‍ॅक्सॉन तिथे जातो म्हणून. प्रश्न १ मधला मालवाहतुकीचा हिशेब आठवा. साखर, दारू, युरिया किंवा केमोचं औषध, कशानंही पेशीची ऊर्जा किंवा वाहतूक थोडी मंदावली तरी टंचाई आधी टोकाला जाणवते. बधिरपणा वर चढत गुडघ्यापर्यंत आला की साधारण त्याच सुमाराला हाताची बोटं धरतात, कारण कण्यापासूनचं अंतर तोवर सारखं होतं.

हा क्रम मोडलेला असेल तर डॉक्टर कान टवकारतात. आधी हात, एकाच बाजूचा पाय, चेहरा, किंवा एकेक नस टप्प्याटप्प्यानं, असं असेल तर कारण मधुमेहापेक्षा वेगळं असण्याची शक्यता वाढते: रक्तवाहिन्यांचा दाह, कुष्ठरोग (प्रश्न १३), किंवा गँग्लियॉनमधल्या मूळ देहांवरचा हल्ला.

६. पाय बधिर आहेत, टाचणी टोचली तरी कळत नाही. मग रात्री आग कशी होते?

दोन्ही एकाच वेळी असणं हा भास नाही. काही तंतू गळून गेलेले असतात, म्हणून टाचणी कळत नाही. उरलेले जखमी तंतू आणि त्यांचे शेजारी अतिसंवेदनशील होतात: सोडियम चॅनेल नको त्या जागी गोळा होतात आणि बाहेरून काही न घडता संदेश सुटू लागतात. मज्जारज्जूतल्या पुढच्या पेशींनाही या भडिमाराची सवय लागते. रात्री बाकीचे संदेश कमी असतात, म्हणून हाच गोंगाट मोठा वाटतो.

एका चॅनेलमुळे किती फरक पडतो, याचा पुरावा निसर्गानंच दिला आहे. एससीएन९ए या जनुकात एक प्रकारचा बदल झाला की पाय लालबुंद होऊन असह्य भाजतात. उलट्या प्रकारचा बदल झाला की माणसाला जन्मापासून वेदनाच कळत नाही. गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन, ड्युलॉक्सेटिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन ही औषधं हा गोंगाट कमी करतात. त्यांनी नस दुरुस्त होत नाही, पण रात्रीची झोप मिळणं हाही उपचारच आहे.

७. मधुमेहात साखर नसेला नेमकं काय करते?

एकच एक वाट नाही. नसेच्या पेशी ग्लुकोज आत घ्यायला इन्शुलिनवर फारशा अवलंबून नसतात, त्यामुळे रक्तात साखर वाढली की आतही वाढते. जास्तीचं ग्लुकोज अल्डोज रिडक्टेज या विकरामुळे सॉर्बिटॉल बनतं आणि त्या प्रक्रियेत पेशीची ऑक्सिडेशनपासून बचाव करणारी शिल्लक खर्ची पडते. साखर प्रथिनांना चिकटून त्यांची कायमची विकृत रूपं बनतात. मायटोकॉन्ड्रिया कोलमडू लागतात. नसेच्या आतल्या केशवाहिन्यांच्या भिंती जाड होतात आणि प्राणवायू कमी पडतो. बायोप्सीत ही जाड भिंत सहज ओळखू येते. काही ठिकाणी आतली पोकळी जेमतेम उरलेली असते.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात काटेकोर नियंत्रणानं न्यूरोपॅथीचं प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी घटलं, असं अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात १९९३ मध्ये दिसलं. दुसऱ्या प्रकारात फायदा बराच कमी आहे, कारण तिथे साखरेच्या जोडीला वजन, ट्रायग्लिसराइड आणि इन्शुलिनला दाद न देणं हेही नसेवर घाव घालतात. म्हणून ‘साखर तर नॉर्मल आहे, मग पाय का बधिर?’ या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा पोटाच्या घेरात असतं. सॉर्बिटॉलची वाट अडवणारं एपॅलरेस्टॅट जपानमध्ये आणि आपल्याकडे मिळतं, पण त्याच्याकडून फार मोठी अपेक्षा ठेवू नये, असं माझं मत.

८. साखर खाली आणली आणि पायांची आग उलट वाढली. औषध चुकलं का?

बहुधा औषध चुकलेलं नसतं, घाई झालेली असते. कित्येक महिने किंवा वर्षं चढलेली साखर झपाट्यानं उतरली, म्हणजे तीन महिन्यांत एचबीए१सी (सरासरी साखर दाखवणारा आकडा) २ अंकांपेक्षा जास्त घसरलं, तर काहींना त्यानंतरच्या आठवड्यांत तीव्र, भाजल्यासारखी वेदना सुरू होते. बारीक तंतू यात भरडले जातात, आणि सोबत उठल्यावर चक्कर येणं, घाम कमी-जास्त होणं अशा तक्रारीही दिसतात. अशा वेळी डोळ्यांचा पडदाही तपासून घ्यावा. काही महिन्यांत ते दोन वर्षांत वेदना बहुधा ओसरते. साखर पुन्हा वाढू देणं हा यावरचा उपाय नाही.

९. मी शाकाहारी, मेटफॉर्मिन चालू, बी१२ ‘बॉर्डरलाइन’. एवढ्यानं नस बिघडते?

बिघडू शकते. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असलं की आतड्यातून बी१२ कमी शोषलं जातं, आणि शाकाहारी ताटात ते मुळातच दूध-दह्यापुरतं. बी१२शिवाय होमोसिस्टीनचं मेथिओनिन होत नाही, आणि मायलिनच्या देखभालीला लागणारे मिथाइल गट त्याच मार्गानं मिळतात. यात फक्त हातापायांच्या नसाच नाही, मज्जारज्जूचा मागचा भागही सापडतो. अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटल्यावर तोल जाणं, ही त्याची खूण. बॉर्डरलाइन आकडा असेल तर मिथाइलमॅलॉनिक आम्ल किंवा होमोसिस्टीन तपासून पेशीच्या पातळीवर कमतरता आहे का, ते कळतं. हिमोग्लोबिन ठीक आहे म्हणून निर्धास्त राहू नका. विशेषतः नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेत असाल तर अ‍ॅनिमिया झाकला जातो आणि नस बिघडतच राहते.

१०. मग बी-कॉम्प्लेक्स भरपूर घेतलेलं बरं ना?

इथेच फसगत होते. बी१२ जास्त झालं तर सहसा त्रास होत नाही, पण बी६ची गोष्ट वेगळी आहे. मोठ्या मात्रेत ते गँग्लियॉनमधल्या मूळ देहांनाच इजा करतं, म्हणजे प्रश्न २ मधली चौथी आणि सगळ्यात वाईट जागा. अमेरिकेत रोजची वरची मर्यादा १०० मिलिग्रॅम धरतात. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेनं ती २०२३ मध्ये १२ मिलिग्रॅमवर आणली. ‘नसांची गोळी’ म्हणून मिळणाऱ्या दोन-तीन गोळ्यांत पायरिडॉक्सिन (म्हणजेच बी६) असेल तर बेरीज करा. स्ट्रिपच्या मागच्या बाजूला ते छापलेलं असतं.

११. पुण्यात जीबीएसची (गिलाँ-बारे सिंड्रोमची, ज्यात प्रतिकारशक्ती नसांवरच उलटते) साथ आली होती. जुलाब होतात पोटात, मग लुळे हातपाय कसे पडतात?

२०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदोशी, धायरी या पट्ट्यात रुग्ण वाढू लागले आणि पुढे संशयितांचा आकडा दोनशेच्या वर गेला. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस.

या जिवाणूच्या बाहेरच्या आवरणावरची साखरेची साखळी आपल्या नसांवरच्या जीएम१ गँग्लिओसाइड या मेदरेणूशी हुबेहूब जुळते. शरीर जिवाणूविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं आणि तीच प्रतिपिंडं नोडवर जाऊन चिकटतात. मग कॉम्प्लिमेंट नावाची रक्तातली प्रथिनं तिथे भोकं पाडतात, कॅल्शियम आत शिरतं, सोडियम चॅनेलची दाटी विस्कटते आणि संदेश थांबतो. जुलाब थांबून आठ-पंधरा दिवस झालेले असतात, त्यामुळे घरच्यांना दोन्हीचा संबंध लक्षात येत नाही. कॅम्पायलोबॅक्टर झालेल्या साधारण हजारात एकाला जीबीएस होतो, प्रत्येकाला नाही. जीबीएस एकाचा दुसऱ्याला लागत नाही, पण दूषित पाणी मात्र सगळ्या गल्लीत पोचतं.

आता या आजाराची खरी गुंतागुंत. एकाच वॉर्डातल्या दोघांच्या रिपोर्टमध्ये ‘अ‍ॅक्सोनल’ असतं, आणि एक महिन्याभरात चालतो, तर दुसऱ्याला वर्ष लागतं. पहिल्याच्या नोडवर फक्त अडथळा आलेला असतो. प्रतिपिंडं ओसरली की चॅनेल पुन्हा जुळतात. दुसऱ्याचे अ‍ॅक्सॉन खरोखर तुटलेले असतात आणि त्याला प्रश्न ३ मधला मिलिमीटरचा हिशेब लागू होतो. पहिल्या आठवड्यातल्या एनसीएसवरून या दोघांत फरक करता येत नाही, म्हणून काही आठवड्यांनी ती पुन्हा करतात. कमरेतून काढलेलं पाणीही पहिल्या आठवड्यात नॉर्मल येऊ शकतं.

१२. जीबीएसला स्टेरॉइड देत नाहीत आणि सीआयडीपीला देतात. दोन्ही प्रतिकारशक्तीचेच आजार ना?

जीबीएसमध्ये हल्ला एकदाच होतो आणि चार आठवड्यांच्या आत शिखर गाठतो. नुकसान मुख्यतः प्रतिपिंडं आणि कॉम्प्लिमेंटमुळे होतं. आयव्हीआयजी (शिरेतून दिलेली दात्यांची प्रतिपिंडं) पाच दिवस किंवा प्लाझ्मा बदलणं, यापैकी एक उपयोगी पडतं. चाचण्यांत स्टेरॉइडचा फायदा दिसला नाही. आयव्हीआयजीचा दुसरा कोर्स घ्यावा का, असंही लोक विचारतात. २०२१ मधल्या चाचणीत गंभीर रुग्णांना त्याचा उपयोग झाला नाही, दुष्परिणाम मात्र वाढले.

सीआयडीपी, म्हणजे नसांचं मायलिन जाणारा जुनाट दाह, आठ आठवड्यांहून जास्त काळ वाढत राहतो किंवा उलटून येतो. मॅक्रोफेज पेशी पुन्हा पुन्हा मायलिन सोलतात, आणि हा हल्ला स्टेरॉइडनं दबतो. त्यातही एक अपवाद आहे. काही जणांत न्यूरोफॅसिन-१५५ किंवा कॉन्टॅक्टिन-१ या नोडलगतच्या प्रथिनांविरुद्ध आयजीजी४ प्रकारची प्रतिपिंडं असतात. ती कॉम्प्लिमेंटला बोलावतच नाहीत, नुसती जोडणी सोडवतात. त्यामुळे आयव्हीआयजी त्यांना फारसं लागू पडत नाही, रिटक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध पडतं. २०२१ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी हा गट सीआयडीपीमधून वेगळा काढला. उपचार लागू होत नसतील तर ही रक्ततपासणी विचारा.

१३. कुष्ठरोग त्वचेचा रोग ना? त्याचा नसांशी काय संबंध?

तो मुळात नसांचाच रोग आहे. त्वचेवर फक्त चट्टा दिसतो. मायकोबॅक्टेरियम लेप्री हा श्वान पेशीत शिरून राहणारा जिवाणू आहे. श्वान पेशीच्या बाहेर लॅमिनिन-२ नावाचं प्रथिन असतं, त्याला तो चिकटतो. त्याला ३७ अंशांपेक्षा थोड्या थंड जागा मानवतात, म्हणून त्वचेजवळून जाणाऱ्या नसा धरतो: कोपराच्या आतल्या बाजूची अल्नर, गुडघ्याच्या बाहेरून वळणारी पेरोनियल, मानेवरून कानाकडे जाणारी नस. अनुभवी तपासनीस कोपरामागे बोट फिरवून अल्नर जाड झाली आहे का, ते पाहतात. दुसऱ्या हाताशी तुलना करून ही जाडी तुम्हालाही कळू शकते.

जिवाणू दोन आठवड्यांत एकदा विभागतो, त्यामुळे वर्षानुवर्षं काही कळत नाही. मोठं नुकसान बऱ्याचदा जिवाणूपेक्षा प्रतिकारशक्तीच्या उसळीनं होतं. या उसळीला रिअ‍ॅक्शन म्हणतात, आणि ती एमडीटी (कुष्ठरोगावरच्या औषधांचा एकत्रित कोर्स) चालू असताना किंवा संपल्यावरही येऊ शकते. नस दुखते, सुजते, बोटांची ताकद जाते. सहा महिन्यांच्या आत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झालं तर नस वाचण्याची शक्यता बरी. गोळ्या संपल्या म्हणून लोक पुन्हा दवाखान्यात जात नाहीत आणि तिथेच हात वाकडा होतो. एमडीटी ६ किंवा १२ महिन्यांची असून सरकारी केंद्रात फुकट मिळते. बोटं ‘झडत’ नाहीत. बधिर बोटांना चटके आणि जखमा होतात, त्या चिघळतात, हाडं झिजतात. हे टाळता येतं, आणि वरोऱ्याच्या आनंदवनात गेलेल्या कुणालाही ते वेगळं सांगावं लागणार नाही.

१४. घरात तिघांचे पाय कमानदार आणि पोटऱ्या बारीक आहेत. हे आनुवंशिक का?

शार्को-मारी-टूथ आजाराची शक्यता पाहायला हवी. साधारण २५०० जणांत एकाला तो असतो. सर्वात जास्त आढळणाऱ्या सीएमटी१ए प्रकारात १७व्या गुणसूत्रावरच्या पीएमपी२२ जनुकाच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. मायलिनमधलं एक प्रथिन दीडपट बनतं आणि वेढे टिकत नाहीत. श्वान पेशी पुन्हा पुन्हा वेढे घालतात, सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याच्या पापुद्र्यांसारखी वर्तुळं दिसतात. त्याच जनुकाची एकच प्रत असेल तर वेगळाच आजार होतो: हलक्या दाबानंही नस अडते, मांडी घालून बसलं तरी पाऊल लोंबतं.

सीएमटी१एमध्ये नसेचा वेग लहानपणापासूनच मंद असतो, तरी मूल धावत-खेळत असतं. अशक्तपणा येतो तो पुढे अ‍ॅक्सॉन गळू लागल्यावर. म्हणजे आजार मायलिनचा, आणि अपंगत्व ठरवतो अ‍ॅक्सॉन.

एक इशारा लक्षात ठेवा. या कुटुंबातल्या कुणाला कर्करोग झाला तर घरातला हा आजार ऑन्कॉलॉजिस्टला आधीच सांगा. व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधाच्या एक-दोन डोसांनीही अशा रुग्णाचे हातपाय जवळजवळ लुळे पडू शकतात.

आणि एक जोड प्रश्न ७ शी. २०२० मध्ये सॉर्ड नावाच्या जनुकातला दोष सापडला. त्यात सॉर्बिटॉलचं पुढे फ्रुक्टोज होत नाही आणि ते रक्तात प्रचंड साठतं. रुग्णाला मधुमेह नाही, तरी न्यूरोपॅथी होते. एका साध्या रक्ततपासणीत हे ओळखता येतं.

१५. केमो संपून तीन महिने झाले, तरी मुंग्या वाढतायत. औषध अजून अंगात आहे का?

सिसप्लॅटिन किंवा ऑक्झालिप्लॅटिन घेतलं असेल तर हे अपेक्षित आहे. प्लॅटिनम गँग्लियॉनच्या पेशींच्या डीएनएला घट्ट बसतं आणि तिथे रक्त व मेंदूमधल्यासारखी अडसर-भिंत नसल्यामुळे साठून राहतं. थांबवल्यावरही काही महिने वाढ होत राहते आणि मग स्थिरावते. ऑक्झालिप्लॅटिननंतर थंड पाणी पिताना घशात येणारे काटे हा वेगळा, काही दिवसांचा चॅनेलचा त्रास आहे. पॅक्लिटॅक्सेल आणि व्हिन्क्रिस्टिन मायक्रोट्युब्यूल बिघडवतात, म्हणजे प्रश्न १ मधली वाहतूकच अडते. तिथे बंद केल्यावर सुधारण्याची शक्यता जास्त. डोस चालू असतानाच बोटं बधिर होऊ लागली तर पुढच्या सायकलची वाट न पाहता सांगा.

१६. एनसीएस नॉर्मल आली. डॉक्टर म्हणतात काही नाही, पण पाय तर भाजतायत.

एनसीएसला फक्त जाड, मायलिनवाले तंतू दिसतात. आग वाहून नेणारे बारीक तंतू तिच्या नजरेतच येत नाहीत. अशा वेळी घोट्याच्या १० सेंटिमीटर वर ३ मिलिमीटर रुंदीचा त्वचेचा तुकडा काढून पीजीपी ९.५ हे नसांमधलं प्रथिन रंगवून त्वचेतले तंतू मोजतात. टाका बहुधा लागत नाही. ही तपासणी मोजक्याच ठिकाणी होते, त्यामुळे शहरात कुठे होते ते आधी विचारून घ्या. साखर, थायरॉइड, बी१२ आणि स्वप्रतिकार आजारांच्या तपासण्या मात्र कुठेही होतात.

दुसरी शक्यता वेळेची आहे. अपघातानंतर दोन-तीन दिवसांत केलेली एनसीएस फसवते. तुटलेल्या नसेचा खालचा भाग विरघळायला काही दिवस लागतात, आणि तोवर तो विजेच्या धक्क्याला व्यवस्थित प्रतिसाद देतो. तीन आठवड्यांनी केलेली तपासणी खरं चित्र दाखवते.

१७. स्टेम सेलनं नस नवी होते अशी जाहिरात पाहिली. घ्यावं का?

नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांपलीकडे स्टेम सेल फक्त नोंदणीकृत चाचणीतच देता येतात, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. लाखभर रुपयांचं पॅकेज समोर आलं तर चाचणीचा नोंदणी क्रमांक मागा.

१८. नसेची बायोप्सी सुचवली आहे. करावी का, आणि त्यात दिसतं काय?

मधुमेह किंवा बी१२साठी तिची गरज नसते. रक्तवाहिन्यांचा दाह, अमायलॉइड (विकृत प्रथिनाचा साठा), किंवा चट्टा नसलेला कुष्ठरोग असा संशय असेल तरच तिचा खरा उपयोग. घोट्याच्या बाहेरच्या बाजूची सुरल नस घेतात, ती फक्त संवेदनेची असते. पावलाच्या बाहेरच्या कडेला बधिर पट्टा राहतो, आणि तो बहुतेकांत कायम राहतो. सही करण्याआधी हे माहीत हवं.

टेबलावर काय येतं? दोन-तीन सेंटिमीटरचा, सुतळीच्या निम्म्या जाडीचा पांढुरका तुकडा. त्याचा पातळ छेद टोल्युइडिन ब्लूनं रंगवला की निरोगी नसेत गडद निळ्या कड्यांची दाटी दिसते. प्रत्येक कडं म्हणजे एका अ‍ॅक्सॉनचं मायलिन. रक्तवाहिन्यांच्या दाहात एका गठ्ठ्यात कडी भरगच्च आणि शेजारच्याच गठ्ठ्यात मोकळं मैदान, असं विषम चित्र दिसतं. मधुमेहात कडी सगळीकडे विरळ होतात. दुसरा तुकडा ऑस्मियमनं काळा करून, सूक्ष्मदर्शकाखाली सुयांनी एकेक तंतू सोडवतात. वॉलेरियन ऱ्हास चालू असेल तर त्या काळ्या दोऱ्यावर मायलिनचे अंडाकार गोळे ओळीनं ओवलेले दिसतात. जुनं मायलिन जाऊन नवं आलं असेल, तर एक लांब जाड भाग आणि त्याला लागून आखूड, बारीक भाग. अमायलॉइड असेल तर काँगो रेडनं रंगवलेला छेद ध्रुवित प्रकाशात हिरवा चमकतो.

यातलं बरंचसं तुकडा कसा पाठवला त्यावर अवलंबून असतं. सगळा तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीत टाकून पाठवला, तर पातळ छेद आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं काम बिघडतं. एक भाग ग्लुटाराल्डिहाइडमध्ये आणि एक भाग ताजा, गोठवायला हवा असतो. म्हणून शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच विचारा: तपासणी कुठल्या प्रयोगशाळेत होणार आहे, आणि तिथून बाटल्या आल्या आहेत का.